नवा टायर का घसरतो?

झिजून गुळगुळीत झालेला टायर रस्त्यावर घसरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आजच दुकानातून आणून बसवलेला, काळाभोर, खोल नक्षीचा कोरा टायरसुद्धा पहिल्या दिवशी घसरू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. नवे टायर बसवल्यावर सुरुवातीचे काही अंतर मोटारसायकल सांभाळून चालवा, असे टायर बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. पुष्कळ कंपन्या हे अंतर १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर असे देतात. हे कशासाठी? त्यामागे घर्षण, उष्णता आणि वायूचे नियम आहेत, आणि ते सगळे तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच आहेत.

तुमच्यापैकी बहुतेकांचे वय अजून परवान्याचे नाही. गिअरच्या मोटारसायकलीसाठी १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पण वडिलांच्या किंवा काकांच्या मागे बसून तुम्ही जाताच. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. तेव्हा या दोन चाकांखाली काय घडते, हे समजून घेतलेले बरे.

पोस्टकार्डापेक्षा कमी जागा

मोटारसायकल १२० किलोग्रॅमची आणि चालवणारा ६५ किलोग्रॅमचा आहे, असे धरू. एकूण १८५ किलोग्रॅम. त्यातला ८० किलोग्रॅमचा भार पुढच्या चाकावर आणि १०५ किलोग्रॅमचा मागच्या चाकावर येतो असे माना. पुढच्या टायरात २५ पौंड हवा आहे. याचा अर्थ दर चौरस इंचावर २५ पौंडांचा दाब, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १.७६ किलोग्रॅम-भार. मागच्या टायरात ३२ पौंड, म्हणजे सुमारे २.२५ किलोग्रॅम-भार.

भाराला दाबाने भागले, की टायर जमिनीला किती जागेवर टेकला आहे याचा अंदाज येतो. पुढे ८० भागिले १.७६, म्हणजे सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर. मागे १०५ भागिले २.२५, म्हणजे सुमारे ४७. टायरच्या रबराचा ताठरपणा आपण येथे सोडून दिला आहे, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. तरी एवढे दिसते, की दोन्ही चाकांची मिळून जागा सुमारे ९२ चौरस सेंटिमीटर भरते. आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. गाडी थांबवणे, वळवणे आणि उभी ठेवणे ही सगळी कामे पोस्टकार्डापेक्षाही लहान अशा जागेवर होतात.

वळणावर अभिकेंद्री बल लागते, ते या जागेतल्या घर्षणातूनच मिळते. घर्षणांक ०.८ असेल, तर ३० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर जास्तीत जास्त वेग घर्षणांक, गुरुत्व त्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सेकंदाला १५.३ मीटर किंवा ताशी ५५ किलोमीटर येतो. घर्षणांक निम्मा, म्हणजे ०.४ झाला, तर तोच वेग ताशी ३९ किलोमीटरवर येतो. ब्रेकचेही तसेच. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ०.८ घर्षणांकाच्या रस्त्यावर सुमारे १२ मीटरमध्ये थांबू शकते, ०.४ असेल तर तिला सुमारे २५ मीटर लागतात. शाळेच्या फाटकासमोर हा १३ मीटरचा फरक फार मोठा असतो.

साच्यातून आलेली कातडी

कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ साली असे आढळले, की रबरात गंधक मिसळून ते तापवले तर हा दोष जातो. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणूंमध्ये पूल बांधतात. यालाच व्हल्कनीकरण म्हणतात. आज मुंबई आणि नाशिकसारख्या ठिकाणच्या कारखान्यांतही टायर याच तत्त्वावर तयार होतात. गंधक, काजळी, तेल, मेण आणि इतर द्रव्ये मिसळलेले कच्चे रबर पोलादी साच्यात घालतात आणि सुमारे १५० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाला दाबून ‘शिजवतात’. साच्यातली हवा बाहेर जावी म्हणून त्याला बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांत शिरलेले रबर म्हणजेच नव्या टायरवर दिसणारे केसांसारखे तंतू.

साच्याची आतली बाजू घोटीव असते, म्हणून बाहेर येणाऱ्या टायरची कातडीही चकचकीत असते. शिवाय टायर साच्याला चिकटू नये म्हणून पूर्वी साच्यात निसरडे द्रव्य सर्रास फवारत असत. आता अनेक कंपन्या ते टाळतात. परंतु दुसरी एक गोष्ट टळत नाही. हवेतल्या ओझोनमुळे रबराला भेगा पडतात. त्या पडू नयेत म्हणून रबरात घातलेले मेण आणि इतर संरक्षक द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि त्यांचा अतिशय पातळ थर टायरवर साचतो. रबर आणि खडी यांच्यामध्ये हा थर असतो, तोवर टायरची पकड पुरी बसत नाही.

येथे एक शंका येईल. शर्यतीच्या गाड्यांचे टायर तर नक्षी नसलेले, सपाट असतात, मग ते का घसरत नाहीत? याचे उत्तर रबराच्या पकडीत आहे. ही पकड दोन प्रकारची असते. रबराचे रेणू रस्त्याच्या कणांना प्रत्यक्ष चिकटतात, हा पहिला प्रकार. मऊ रबर खडीच्या टोकांभोवती दबते आणि टोक पुढे सरकले की लगेच पूर्ववत होत नाही, त्यामुळे सरकण्याला विरोध होतो, हा दुसरा. शर्यतीच्या टायरचे रबर स्वच्छ, मऊ आणि तापलेले असते, म्हणून कोरड्या रस्त्यावर दोन्ही प्रकार जोरात चालतात. नक्षीचे मुख्य काम पाणी बाजूला काढण्याचे आहे. तेव्हा सपाट म्हणजे निसरडा असे नव्हे. निसरडेपणा येतो तो मधल्या थरामुळे आणि ताठर रबरामुळे.

सरळ रस्ता आणि कोरे काठ

आता १६० किलोमीटरच्या आकड्याकडे वळू. समजा, एकाने जळगावात नवे टायर बसवले आणि तो एरंडोल, पारोळा करत धुळ्याला निघाला. हे अंतर सुमारे ९०-९५ किलोमीटर आहे. धुळ्याहून तो चाळीसगावला आला, म्हणजे आणखी ५५-६० किलोमीटर झाले. एकूण दीडशेच्या घरात. आता टायर रुळले, असे त्याला वाटणार.

पण मोटारसायकलचा टायर मोटारीच्या टायरसारखा सपाट नसतो, तो गोलाकार असतो. गाडी सरळ चालते तेव्हा टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला लागतो. काठ रस्त्याला लागतात ते गाडी वळणावर कलते तेव्हाच. तापीखोऱ्यातला रस्ता बहुतांशी सपाट आणि सरळ. त्यामुळे दीडशे किलोमीटरनंतरही मधला पट्टा खरबरीत आणि काठ जसेच्या तसे चकचकीत, असे होऊ शकते. चाळीसगावच्या पुढे मात्र कन्नडचा घाट लागतो, त्यालाच औट्रम घाट असेही नाव आहे. तेथे वळणामागून वळण येते आणि गाडी नेमक्या त्या कोऱ्या काठांवर कलते. म्हणजे किलोमीटरचा आकडा पुरा झाला, तरी जेथे पकड हवी तेथे टायर अजून नवाच असतो.

म्हणून आकड्यावर विसंबू नये, टायरकडे पाहावे. रुळलेला भाग मंद आणि खरबरीत दिसतो, न रुळलेला भाग चमकतो. पहिल्या वळणांवर गाडी थोडीच कलवावी आणि पुढच्या वळणांवर हळूहळू थोडी अधिक, म्हणजे पट्टा काठाकडे रुंदावत जातो.

आणखी एक गोष्ट. जुना टायर मध्यभागी झिजून चपटा झालेला असतो. नवा टायर पूर्ण गोल असल्याने गाडी पूर्वीपेक्षा पटकन कलते. चालवणाऱ्याच्या हाताला जुनी सवय असते, म्हणून पहिले काही दिवस त्यालाही रुळावे लागते.

टायर तापतो कसा?

साध्या मोटारसायकलच्या चाकाचा परीघ सुमारे १.९ मीटर धरला, तर एका किलोमीटरमध्ये चाकाचे सुमारे ५२५ फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा दबतो आणि सुटतो. दाबताना दिलेली सगळी ऊर्जा सुटताना परत मिळत नाही, काही भाग रबरातच उष्णता होऊन राहतो. या गुणधर्माला शैथिल्य म्हणतात. एक जाड रबरी पट्टी वीस-पंचवीस वेळा भराभर ताणा आणि लगेच ओठाला लावून पाहा, ती कोमट लागेल.

थंड रबर ताठर असते, खडीभोवती नीट दबत नाही. धुळ्यात हिवाळ्याच्या पहाटे तापमान कधी कधी दहा अंशांच्या खाली जाते. अशा वेळी निघाल्याबरोबर जोरात ब्रेक मारणे किंवा गाडी खूप कलवणे धोक्याचे असते. दहा-पंधरा मिनिटे शांतपणे चालवले, की टायर आपोआप ऊब धरतो. शर्यतीत टायरला विजेच्या तापत्या रजया गुंडाळतात आणि ते आधीच गरम करतात. काही तरुण ते पाहून रस्त्यावर गाडी नागमोडी चालवतात. साध्या वेगात अशा वेड्यावाकड्या चालीने टायर फारसा तापत नाही, मागून येणारा ट्रक मात्र अंगावर येऊ शकतो.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डांबर त्याहूनही खूप तापते. टायरमधली हवा २५ अंशांवरून ५५ अंशांवर गेली, तर निरपेक्ष तापमान २९८ वरून ३२८ होते. त्याच प्रमाणात हवेचा निरपेक्ष दाब वाढतो, आणि ३२ पौंड दाखवणारा काटा सुमारे ३६ ते ३७ पौंड दाखवतो. ते पाहून हवा सोडून देऊ नये. टायर थंड झाल्यावर दाब कमी पडेल, कमी हवेचा टायर जास्त दबेल आणि जास्त तापेल. हवा नेहमी टायर थंड असतानाच मोजावी.

एवढे लक्षात ठेवा

नव्या टायरवर पहिल्या दोन-तीन दिवसांत एकाएकी वेग वाढवू नये, करकचून ब्रेक मारू नये. टायर बसवताना त्याच्या कडेला साबणाचे पाणी लावतात. ते वाळून कडा रिमवर घट्ट बसायलाही थोडा वेळ लागतो. वळणाच्या आधीच वेग कमी करावा. घर्षणाची शिल्लक एकच असते. तीतून ब्रेकसाठी बरीच खर्च झाली, तर वळण्यासाठी थोडीच उरते. २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले आहे. ते चाक अडकू देत नाही, पण नसलेले घर्षण ते निर्माण करू शकत नाही.

पहिल्या पावसात तर दुप्पट जपावे. रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळून चिखलाचा थर होतो. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते, ती भिजली की साबणासारखी होते. टायर रॉकेलने किंवा पेट्रोलने पुसू नये, त्याने रबर खराब होते. चमक आणणारे पॉलिश टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर कधीही लावू नये.

करून पाहा

एक नवे खोडरबर, एक लाकडी फळी, पट्टी आणि पॉलिश पेपरचा तुकडा घ्या. फळीवर खोडरबर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. खोडरबर घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची आणि पायाची आडवी लांबी मोजा. उंचीला पायाच्या लांबीने भागले, की घर्षणांक मिळतो. आता खोडरबराच्या खालच्या बाजूला मेणबत्ती हलकेच घासा आणि पुन्हा मोजा. शेवटी ती बाजू पॉलिश पेपरने घासून, पुसून तिसऱ्यांदा मोजा. प्रत्येक वेळी पाच मोजमापे घेऊन सरासरी काढा आणि तिन्ही आकड्यांची तुलना करा.

मग या प्रश्नांवर विचार करा. खोडरबरावर वजन ठेवले तर घसरण्याचा कोन बदलेल का? आणि जळगाव-धुळे रस्त्यावर नेहमी ये-जा करणाऱ्या मोटारसायकलचा टायर कोणत्या भागात आधी झिजेल, घाटातून रोज जाणाऱ्या गाडीचा कोणत्या भागात? गावातल्या पंक्चरवाल्याकडे जाऊन जुने टायर पाहा, उत्तर तेथे मिळेल.