दही एक, प्रकार अनेक

रविवारचा दिवस होता. घरात बिर्याणी शिजत होती. अम्मी मुलाला म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानातून दह्याचा डबा घेऊन ये. रायता करायचा आहे."

मुलगा धावतच गेला. दुकानाच्या फ्रिजमध्ये पांढरे डबे ओळीने मांडले होते. त्यांतला एक छानसा डबा उचलून तो घरी आला. अम्मीने त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ घातले. सगळे जेवायला बसले. दादींनी पहिला घास घेतला आणि त्या थांबल्या.

"बेटा, हा रायता गोड कसा?"

मुलाने डबा पुन्हा पाहिला. त्यावर बारीक अक्षरांत घटकांची यादी छापली होती. तिच्यात दुधानंतर लगेच साखरेचे नाव होते. दादींना मधुमेह आहे. त्यांनी वाटी बाजूला सारली आणि त्या रायत्याशिवाय जेवल्या. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मला वाटले, दही म्हणजे दहीच!"

तुम्हांलाही असेच वाटते का? मग दह्याची थोडी ओळख करून घेऊ या.

दुधात एक नैसर्गिक साखर असते. तिला दुग्धशर्करा म्हणतात. ती फारशी गोड नसते. कोमट दुधात चमचाभर जुने दही घातले, की त्या दह्यातील जिवाणू दुधात वाढू लागतात. ते दुग्धशर्करेपासून आम्ल तयार करतात. आम्लामुळे दुधातील प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे बारीक जाळे तयार होते. या जाळ्यात पाणी अडकून राहते. अशा रीतीने पातळ दुधाचे घट्ट दही होते. दुधात घातलेल्या त्या चमचाभर दह्याला मराठीत 'विरजण' म्हणतात. तुमच्या घरी त्यालाच 'जामन' म्हणत असतील.

विरजण लावताना दूध किती गरम आहे, हे महत्त्वाचे असते. दूध फार गरम असेल तर जिवाणू मरतात आणि दही लागत नाही. दूध थंड असेल तर जिवाणू सुस्त राहतात. म्हणून घरोघरी दुधात स्वच्छ बोट बुडवून पाहतात. चटका बसू नये, पण ऊब जाणवावी. उन्हाळ्यात दही लवकर लागते. थंडीत मात्र भांडे कापडात गुंडाळून रात्रभर उबदार जागी ठेवावे लागते. अर्धवट लागलेल्या, आंबट न झालेल्या दह्याला 'अधमुरे दही' असा छान शब्द आहे. दही लागल्यावरही जिवाणूंचे काम चालूच असते. त्यामुळे दही बाहेर राहिले, की ते आंबट होत जाते. फ्रिजमध्ये हे काम मंदावते.

आता घरचे दही आणि 'योगर्ट' यांत फरक काय, ते पाहू. योगर्ट हा शब्द तुर्की भाषेतून आलेला आहे. घरच्या विरजणात अनेक प्रकारचे जिवाणू असतात आणि ते प्रत्येक घरी थोडे वेगळे असतात. म्हणून शेजारच्या घरचे दही आपल्यासारखे लागत नाही. योगर्ट मात्र दोन ठरावीक जातींच्या जिवाणूंपासून तयार करतात. त्यांना सुमारे ४२ ते ४५ अंश सेल्सिअस इतकी ऊब लागते. कारखान्यात ही ऊब सारखी राखली जाते. त्यामुळे योगर्टची चव दररोज जवळजवळ सारखीच असते. या दोनपैकी एक जिवाणू स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने १९०५ साली शोधून काढला. तेव्हा तो स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे काम करत होता. त्याच्या देशावरूनच त्या जिवाणूच्या नावात 'बल्गेरिकस' हा शब्द आला.

दह्याचा तिसरा प्रकार पाणी काढून टाकल्यामुळे तयार होतो. दही स्वच्छ पातळ कापडात बांधून टांगून ठेवले, की त्यातील पाणी थेंबथेंब निथळते. कापडात जो दाट गोळा उरतो तो 'चक्का'. चक्क्यात साखर आणि वेलची घालून तो एकजीव केला, की श्रीखंड होते. अरब देशांत असेच दही गाळून त्याचे 'लबनेह' करतात आणि त्यात मीठ घालून ते रोटीबरोबर खातात. ज्याला 'ग्रीक योगर्ट' म्हणतात, तेही गाळलेले योगर्टच असते. पाणी कमी झाल्यामुळे या सर्वांत प्रथिनांचे प्रमाण वाढते. मात्र काही डब्यांत पाणी न काढता दुधाची पावडर घालून दाटपणा आणलेला असतो. निथळलेले पाणी फेकून देऊ नये. ते पौष्टिक असते. त्यात कणीक मळली तर पोळ्या मऊ होतात.

पाणी घातले तर काय होते? दही घुसळून लोणी काढले आणि पाणी मिसळले, की ताक होते. दह्यात साखर घालून ते फेटले, की गोड लस्सी होते.

पश्चिम बंगालमध्ये आणखी एक प्रकार मिळतो. तेथे दूध आटवून त्यात साखर किंवा खजुराचा गूळ घालतात आणि मग मातीच्या भांड्यात विरजण लावतात. त्या दह्याला 'मिष्टी दोई' म्हणतात. मातीचे भांडे थोडे पाणी शोषून घेते, त्यामुळे दही अधिक घट्ट होते. पण प्रत्येक धातूचे भांडे दह्याला चालत नाही. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही कळकते, म्हणजे दह्यातील आम्लामुळे त्या धातूचा अंश दह्यात उतरतो. असे दही मुळीच खाऊ नये.

आता लक्षात आले ना? दह्याचे प्रकार चार गोष्टींवरून ठरतात. विरजणात जिवाणू कोणते आहेत? दुधाला ऊब किती मिळाली? पाणी काढले की घातले? आणि वरून काय मिसळले? यांतली शेवटची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. साधे दही आणि साखर घातलेले योगर्ट, दोन्ही पांढरीशुभ्र असतात. म्हणून डबा घेताना त्यावरची घटकांची यादी वाचावी. ज्या घटकाचे वजन सर्वांत जास्त, त्याचे नाव यादीत सर्वांत आधी असते. साध्या दह्यात दुधाची थोडी साखर उरतेच. पण वरून घातलेली साखर ही वेगळी गोष्ट आहे आणि घरात कोणाला मधुमेह असेल तर ती फार महत्त्वाची आहे.

त्या रविवारी रात्री मुलाने स्वतः दूध तापवले. ते कोमट होईपर्यंत तो शेजारीच बसून राहिला. बोट बुडवून त्याने ऊब पाहिली, चमचाभर विरजण घातले आणि भांडे झाकून ठेवले. सकाळी उठताच त्याने झाकण उघडले. भांडे हलवले तरी दही हलले नाही!

दुपारी अम्मीने त्याच दह्याचा रायता केला. दादींनी चमचाभर रायता तोंडात घातला. मुलगा त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. दादी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त रिकामी वाटी पुढे केली आणि म्हटले, "आणखी वाढ."