फीचर ‘झालं’ असं कधी म्हणायचं?

डेव्हलपर म्हणतो, काम झालं. टेस्टर म्हणते, बग आहे. ग्राहक म्हणतो, मला हे असं नकोच होतं. तिघांचंही खरं असू शकतं, कारण ‘झालं’ म्हणजे काय हे आधी कुठे लिहिलेलंच नसतं. अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया म्हणजे कोड लिहिण्यापूर्वी ठरवलेल्या स्वीकृतीच्या अटी. प्रत्येक अटीचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच यायला हवं.

साध्या वाक्यात दडलेले प्रश्न

दवाखान्याच्या एका अ‍ॅपसाठी मागणी येते: ‘अपॉइंटमेंट पक्की झाली की रुग्णाला लगेच मराठीत एसएमएस जावा.’ वाक्य स्पष्ट वाटतं, पण ‘लगेच’ म्हणजे किती वेळात? आणि मजकूर केवढा?

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीत त्यात १६० कॅरॅक्टर बसतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचताना चार अक्षरांचं, पण मोजणीत ते १० कॅरॅक्टर भरतं. मर्यादा ओलांडली की संदेशाचे तुकडे होतात आणि खर्च वाढतो.

तपासता येतील अशा अटी

• अपॉइंटमेंट पक्की झाल्यापासून ३० सेकंदांत आपल्या सर्व्हरने संदेश एसएमएस कंपनीकडे सोपवावा.
• संदेश ७० कॅरॅक्टरमध्ये बसावा. बसत नसेल तर नाव गाळावं. तारीख आणि वेळ कधीही गाळू नये.
• मोबाइल नंबर देवनागरी अंकांत टाइप केला तरी स्वीकारला जावा.
• एसएमएस सेवा बंद असली तरी अपॉइंटमेंट कायम राहावी.

पहिल्या अटीत ‘रुग्णाला मिळावा’ असं मुद्दाम म्हटलेलं नाही. रुग्णाचा फोन बंद असेल, रेंज नसेल; ते आपल्या हातात नाही. जे आपल्या हातात आहे, त्याचीच अट घालावी.

जर, जेव्हा, तेव्हा

डॅन नॉर्थ यांनी २००६ मध्ये मांडलेल्या बीडीडी (बिहेव्हिअर-ड्रिव्हन डेव्हलपमेंट) पद्धतीत अट तीन भागांत लिहितात: आधीची स्थिती, घडलेली कृती, दिसणारा परिणाम. चौथी अट अशी होईल:

जर एसएमएस सेवा बंद आहे
जेव्हा रिसेप्शनिस्ट अपॉइंटमेंट पक्की करते
तेव्हा अपॉइंटमेंट सेव्ह होते
आणि रुग्णाचं नाव ‘संदेश गेला नाही’ या यादीत दिसतं

त्या यादीमुळे रिसेप्शनिस्टला रुग्णाला फोन करून कळवता येतं. ‘क्युकंबर’ या टेस्टिंग टूलमध्ये ‘जर’, ‘जेव्हा’, ‘तेव्हा’ हे मराठी शब्दही चालतात. टीमने प्रत्येक ओळीमागे कोड जोडला की तीच अट आपोआप चालणारी टेस्ट बनते.

लिहिताना काय सांभाळावं

‘फास्ट’, ‘सोपं’, ‘युजर फ्रेंडली’ ही विशेषणं काढून तिथे आकडा किंवा डोळ्यांना दिसणारा परिणाम लिहावा. काय व्हायला हवं ते सांगावं. कसं करायचं ते डेव्हलपरवर सोडावं. सगळं सुरळीत चाललं तर काय होईल, एवढ्यावर थांबू नये. चुकीचा नंबर, बंद सेवा, दोनदा दाबलेलं बटण यांचाही विचार व्हावा. अटी फारच वाढल्या तर फीचरचे दोन भाग करावेत.

अटी लिहून झाल्या की चर्चेत नसलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्याव्यात. कोणालाही न विचारता त्याला प्रत्येक अट तपासता आली, तरच काम सुरू करावं.