आंब्यावरचे ऑर्किड हे बांडगूळ नव्हे

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे झाडांची साफसफाई सुरू होते. वाळक्या फांद्या उतरवल्या जातात, वाळवीची माती खरवडली जाते. त्याच भरात आंब्याफणसाच्या खोडाला चिकटलेली, जाड पट्ट्यासारख्या पानांची रोपेही कोयत्याने उडवली जातात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: "बांडगूळ आहे, झाड खाऊन टाकील."

वाचकहो, हे उत्तर पुष्कळदा चुकीचे असते. खाली पडलेले ते रोप ऑर्किड असते, ज्याला मराठीत आमरी असेही म्हणतात. शहरातली हौशी माणसे अशीच रोपे विकत घेऊन गॅलरीत जपतात आणि ती जगली नाहीत म्हणून हळहळतात. आपल्या बागेत मात्र ती कोणी न लावता वाढतात. खानापूरच्या जंगलपट्टीत, चोर्ला घाटाच्या दोन्ही अंगांना आणि गोव्याच्या सत्तरी भागात पाऊस, दमट हवा आणि जुनी झाडे या तिन्ही गोष्टी आहेत. म्हणून या छंदाविषयी, आणि तो करणाऱ्यांना पडणाऱ्या अडचणींविषयी, चार गोष्टी येथे सांगत आहोत.

दोन्हींतील फरक

बांडगूळ हे खरे परोपजीवी झुडूप आहे. त्याचे चिकट बी पक्षी फांदीवर आणून टाकतात. ते रुजले की त्याची मुळे सालीतून आत शिरतात आणि झाडाचा रस ओढतात. जोडाच्या जागी गाठ येते आणि पुढची फांदी हळूहळू वाळते. त्याला लाकडी काटक्या असतात. असे बांडगूळ फळ धरण्यापूर्वीच, गाठीच्या खालून फांदीसह कापून काढावे.

ऑर्किडचे तसे नसते. त्याची जाड, पांढरट मुळे सालीवरून नुसती सरपटत जातात. एखादे मूळ नखाने हलकेच उचलून पाहावे. खालची साल शाबूत दिसेल. ते झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे आणि दवाचे पाणी ते शोषून घेते, आणि खोडावरून ओघळणाऱ्या पाण्यातील थोडासा कस रोपाला पुरतो. मूळ कोरडे असताना रुपेरी दिसते आणि भिजले की हिरवे होते. हा रंग ध्यानात ठेवावा. पुढे पाणी घालताना तोच आपला मार्गदर्शक आहे.

आपल्याकडील काही जाती

जगात ऑर्किडच्या २५,००० हून अधिक जाती असून भारतात सुमारे १,२५० आहेत. आपल्या भागात सर्वांत देखणी म्हणजे सीतेची वेणी. मे-जूनच्या सुमारास पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा लांब घोस तिला लोंबतो. आसामात याच फुलाला कपौ फूल म्हणतात आणि बिहू नृत्याच्या वेळी स्त्रिया ते केसांत माळतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे ते राज्यपुष्प आहे.

दुसरे डेंड्रोबियम. याच्या एका जातीची कांडे पावसाळ्यानंतर पाने टाकतात आणि हिवाळ्यात अगदी मेल्यासारखी दिसतात. त्याच उघड्या कांडांवर थंडीच्या अखेरीस पांढरी फुले येतात. वाळले असे समजून ते फेकून देणारे पुष्कळ आहेत. तिसरी रास्ना, म्हणजे व्हँडाची एक जात. ती आंब्यावर सहज आढळते.

या झाडांचा आपल्या बाजूला शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत एक धर्मगुरूही होते. येशूसंघीय फादर सांतापाव हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. कपाडिया यांच्यासह त्यांनी लिहिलेला 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला.

पडलेले रोप पुन्हा झाडावर

वाऱ्यापावसात फांदी मोडून बागेत ऑर्किड पडले, किंवा स्वतःचे जुने झाड तोडावे लागले, तर रोप वाया घालवू नये. जूनमधील पहिले पाऊस हा बांधण्याचा उत्तम काळ. कुजलेली मुळे कापून टाकावी आणि आंबा, फणस किंवा नारळाच्या खरबरीत खोडावर रोप टेकवून जुन्या लुगड्याच्या चिंधीने किंवा सुतळीने घट्ट बांधावे. रोप हलत राहिले तर नवी मुळे धरत नाहीत. पेरू, निलगिरी यांची साल गळते, म्हणून ती झाडे निवडू नयेत. तांब्याची तार मुळांना बाधते, तीही वापरू नये. दुपारचे थेट ऊन लागणार नाही पण पानांतून कवडसे येतील अशी बाजू पाहावी. पावसाळा संपेपर्यंत मुळे सालीला धरतात आणि चिंधी पुढे आपोआप कुजून जाते.

सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांनी एवढी काळजी घ्यावी की त्याचा फवारा जवळच्या ऑर्किडवर पडणार नाही. त्यातील तांबे त्यांना सोसत नाही.

कुंडीतील ऑर्किड

बाजारात मिळणारी डेंड्रोबियम, व्हँडा, फॅलेनॉप्सिस ही रोपे बहुतेक संकरित असतात. कोकण-गोव्याच्या दमट हवेत डेंड्रोबियम आणि व्हँडा चांगली होतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ही रोपे पडवीत आत घ्यावी आणि पाणी कमी करावे.

कुंडीत माती मुळीच घालू नये. जी मुळे मोकळ्या हवेत वाढण्यासाठी आहेत ती मातीत गुदमरतात. लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे हे साहित्य आपल्याकडे फुकटात मिळते. सोडण आधी चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवावे, म्हणजे त्यातील क्षार निघून जातात. कुंडीला खाली आणि बाजूंना भोके असावीत.

पाणी सकाळी द्यावे. मुळे रुपेरी झाली असतील तर द्यावे, अजून हिरवी असतील तर थांबावे. आमच्या पाहण्यात दुर्लक्षाने मेलेल्या रोपांपेक्षा मायेने रोज पाणी घालून मेलेली रोपे अधिक आहेत. बोअरचे पाणी जड असेल तर मुळांवर पांढरा थर बसतो. अशा घरी पावळीचे पाणी पिंपात साठवून, पिंपावर कापड बांधून ठेवावे. खत म्हणून १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, रोप वाढत असताना पुरे होते. अधिक दिल्याने मुळांची टोके जळतात.

छंद करणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारी

"पाने छान आहेत पण फूल नाही." ही पहिली तक्रार. बहुतेक वेळा कारण उजेडाचे असते. पाने गर्द हिरवी झाली तर उजेड कमी आहे. फिकी, पोपटी छटा असेल तर ठीक. पाने लालसर किंवा करपलेली दिसू लागली तर ऊन जास्त आहे. डेंड्रोबियमची जुनी, पाने नसलेली कांडेही कापू नयेत. त्यांत अन्नसाठा असतो आणि कधी कधी त्यांवरच फुले किंवा नवी पिल्ले येतात.

"पावसाळ्यात पाने काळी पडून गळाली." संततधार पावसात हा रोग झपाट्याने पसरतो. रोप छपराखाली वाऱ्याच्या जागी आणावे, सडलेला भाग निरोगी भागासह थोडा वरपर्यंत कापावा आणि पानाच्या जखमेवर दालचिनीची पूड लावावी. मुळांना ती लावू नये, कारण ती त्यांना सुकवते. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पानांत पाणी साचू देऊ नये.

"पानाखाली तपकिरी टिकल्या किंवा पांढरा कापूस दिसतो." ती खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण. थोडी रोपे असतील तर विषारी औषधाची गरज नसते. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून पुसावे आणि आठ-आठ दिवसांनी पुन्हा पाहावे. गोगलगायी कळ्या आणि मुळांची टोके खातात. त्या रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन हाताने वेचाव्या.

चौथी अडचण लोक सांगत नाहीत, कारण ती त्यांच्या ध्यानात येत नाही. ऑर्किडला विषाणूजन्य रोग होतात आणि त्यांवर औषध नाही. एकाच कात्रीने सगळ्यांची रोपे कापली की तो रोग एका घरातून दुसऱ्या घरात जातो. रोपांची देवाणघेवाण जरूर करावी, परंतु प्रत्येक रोपानंतर पाते ज्योतीवर चांगले तापवून घ्यावे.

यातून पैसा मिळेल काय?

शेतकरी हा प्रश्न विचारणारच आणि तो योग्य आहे. व्हॅनिला हीदेखील ऑर्किडची वेल आहे. १८४१ साली रेयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने तिच्या फुलांचे हाताने परागीकरण करण्याची सोपी रीत शोधली आणि तिची लागवड त्यानंतर जगभर वाढली. या शतकाच्या आरंभी तिचे भाव भडकले तेव्हा कर्नाटक आणि केरळात अनेकांनी घाईने वेली लावल्या. २००४-०५ च्या सुमारास भाव कोसळले आणि पुष्कळांना त्या वेली सोडून द्याव्या लागल्या. कापणीच्या फुलांसाठी ऑर्किड लावणारे आज आहेत, पण त्याला सावलीचे जाळे, विकत घेतलेली रोपे आणि हमखास गिऱ्हाईक लागते. कर्ज काढून या धंद्यात उतरू नये. १० कुंड्या २-३ वर्षे नीट सांभाळता आल्या तर पुढचा विचार करावा. १९९६ मध्ये सिक्कीममधील पाक्योंग येथे ऑर्किडसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. ज्यांना खरोखर लागवड करावयाची आहे त्यांनी अशा ठिकाणची माहिती मिळवूनच पाऊल टाकावे.

जंगलाला हात लावू नये

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आठवडी बाजारात किंवा घाटरस्त्यावर कधी कधी ऑर्किडच्या जुड्या स्वस्तात विकावयास असतात. त्या जंगलातून ओरबाडून आणलेल्या असतात. ऑर्किडच्या एका शेंगेत हजारो, कधी लाखो बिया असतात. पण त्या धुळीइतक्या बारीक असून त्यांत अन्न मुळीच नसते. विशिष्ट बुरशी भेटली तरच बी रुजते. हे गूढ फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी १९०० च्या सुमारास उलगडले. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखरेच्या पोषकावर बाटलीत बी रुजवून दाखवले. आज रोपवाटिकांत मिळणारी रोपे या आणि अशाच प्रयोगशाळेच्या रीतींनी तयार होतात. जंगलात मात्र बाटली नाही. तेथे बियांपासून फुलापर्यंत रोपाला कित्येक वर्षे लागतात आणि फार थोडी तगतात. एका दुपारी भरलेले पोते म्हणजे त्या झाडावरची अनेक वर्षांची वाढ होय.

कायदाही स्पष्ट आहे. राखीव जंगलातून किंवा भीमगडासारख्या अभयारण्यातून परवानगीशिवाय रोपे आणणे गुन्हा आहे. १९७५ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ऑर्किडच्या संपूर्ण कुळाच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे. रोपे नोंदणीकृत रोपवाटिकेतून घ्यावी, किंवा शेजाऱ्याकडून पिल्लू मागून घ्यावे. गिऱ्हाईकच उरले नाही तर पोतीही भरली जाणार नाहीत.

आरोग्याविषयी थोडे

कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये, कारण डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो. वाळलेले शेवाळ हाताळताना हातमोजे घालावे. हाताला जखम असल्यास त्यातून बुरशीचा त्वचारोग होऊ शकतो. रास्नेची मुळे ओळखीवर उकळून पिऊ नयेत. त्या नावाने निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. दुकानात मिळणारा सालमपंजा हासुद्धा हिमालयातील एका ऑर्किडचा कंद असून अति खणल्यामुळे ती जात दुर्मिळ झाली आहे. सांधेदुखीसाठी डॉक्टरांकडे जावे.

ज्या वृद्धांना आता नांगर-कुदळ झेपत नाही, त्यांना हे काम बसल्या जागी करता येते. सकाळी मुळांचा रंग पाहणे, पानाखालची कीड पुसणे आणि नव्या कळीची वाट पाहणे एवढेच ते आहे.

तेव्हा येत्या साफसफाईच्या वेळी कोयता उचलण्यापूर्वी बोटाने मूळ उचलून पाहावे. सालीत घुसलेले असेल तर फांदी कापावी. वरचेवर सुटले, तर ते रोप तेथेच राहू द्यावे आणि कामावर आलेल्या गड्यांनाही तो फरक दाखवून द्यावा.