कानाची पारख की किमतीचा तोरा?

कापडाचा पोत बोटांना कळतो, लाकडाचे वजन हाताला कळते. आवाजाची पारख मात्र ज्याच्या त्याच्या कानावर अवलंबून असते. म्हणूनच हेडफोनच्या धंद्यात मालाइतकीच मतालाही किंमत आली आहे. शौकीन मंडळी 'उबदार आवाज', 'मोकळा आवाज' असे शब्द सहज फेकतात. ज्याला तो फरक जाणवत नाही त्याला 'तुमचे कान अजून तयार नाहीत' असे ऐकवतात. नवखे गिऱ्हाईक ओशाळते आणि ऐपतीबाहेरचा माल घेऊन जाते. पुढे पस्तावते, आणि दोष येतो दुकानदाराच्या माथी!

या शौकाचा इतिहास फार जुना नाही. १९५८ साली अमेरिकेतील मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठी हेडफोन बाजारात आणला. त्याआधी हे साधन मुख्यतः टेलिफोन व बिनतारी खात्यातील माणसांच्या कानावर असे. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि हेडफोन रस्त्यावर दिसू लागला. १९९१ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने 'ऑर्फियस' हा अतिमहाग संच काढला, तोही सुमारे ३०० नगच. उलट कॉस कंपनीचा १९८४ सालचा साधा 'पोर्टा प्रो' आजही विकला जातो आणि जाणकारही त्याला नावे ठेवत नाहीत.

मग किंमत आणि आवाज यांचा संबंध किती? संशोधक ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापे तपासली. उंच-खालच्या स्वरांचा समतोल आणि विक्रीची किंमत यांत त्यांना काही मेळ आढळला नाही. त्याआधी १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकरवर एक प्रयोग केला होता. तेच स्पीकर लोकांना एकदा पडद्याआड व एकदा डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. माल दिसताच गुण बदलले! अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत.

याचा अर्थ महाग माल फसवा, असे आम्ही म्हणत नाही. मजबुती, हलके वजन, सुटे भाग मिळण्याची सोय यांना मोल आहेच. आवडही खोटी नसते. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा, आणि वयोमानाने बारीक स्वर कमी ऐकू येतात. खोटा असतो तो दुसऱ्याला कमी लेखण्याचा तोरा.

व्यापारी बंधूंना आमची सूचना अशी : गिऱ्हाइकाला दोन-तीन नग किमतीची चिठ्ठी झाकून ऐकवावेत. आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण किंचित मोठा आवाजही कानाला सरस वाटतो. गाणे त्याच्या आवडीचे लावावे.

कारागिरांनाही येथे काम आहे. कानावरची गादी झिजली की फट पडते आणि ढोलकी-तबल्याचा खर्ज निघून जातो. पिनेजवळ वायर तुटते. नवी गादी आणि चांगला डाग एवढ्यावर जुना नग पुन्हा उभा राहतो. असा प्रामाणिक सल्ला देणाऱ्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक पुन्हा चढते. धंद्यात याहून मोठी जाहिरात कोणती?