ग्रामीण वैद्यकसेवा : ‘येणे’ आणि ‘राहणे’

खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळत नाहीत ही तक्रार जुनी आहे. भोर समितीने १९४६ साली प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. केंद्र कोठे बांधावे या प्रश्नाचे उत्तर तेव्हापासून शासनाला देता आले. त्यात वस्तीला कोण राहील या प्रश्नाचे मात्र समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. शासकीय योजनांच्या भाषेत ‘डॉक्टरांना आकर्षित करणे’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. हे क्रियापद आगमनाचे आहे, वास्तव्याचे नव्हे. आणि प्रश्नाचे मर्म या भेदातच आहे.

आजवरचे उपाय स्थूलमानाने दोन प्रकारचे : बंधन आणि प्रलोभन. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेणाऱ्याकडून एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र घेण्यात येऊ लागले व ते मोडणाऱ्यास १० लाख रुपये दंड ठरला. अशी बंधपत्रे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली वैध मानली. प्रलोभनाचा मुख्य प्रकार गुणांचा होय. २००० सालच्या पदव्युत्तर शिक्षणविषयक नियमांत पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार दुर्गम भागातील सेवेच्या प्रत्येक वर्षास १० टक्के, कमाल ३० टक्के, अधिक गुणांची तरतूद झाली. सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकारही २०२० साली न्यायालयाने मान्य केला.

या उपायांनी रिकाम्या जागा काही काळ भरतात, यात शंका नाही. परंतु गुणांच्या योजनेत एक अंतर्विरोध आहे. सेवेचे पारितोषिक म्हणून जे मिळते, ते सेवेचे ठिकाण सोडण्याचे साधन असते. तीन वर्षे केंद्रात राहिलेला डॉक्टर विशेषज्ञ होतो आणि विशेषज्ञाला त्या केंद्रात जागा नसते. अर्थात खेडे हे मुक्कामाचे ठिकाण न राहता वाटेवरचे स्थानक बनते.

वास्तव्याने काय साधते, याचे उदाहरण नांदेड जिल्ह्यातील मुखेड येथे आहे. तेथील डॉ. दिलीप पुंडे यांनी या तालुक्याच्या गावी खासगी व्यवसाय करीत सर्पदंशाच्या रोग्यांवर वर्षानुवर्षे उपचार केले. ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंशोपचाराच्या दहा वर्षांच्या अनुभवावरील त्यांचा निबंध २००५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. असा निबंध एक वर्षाच्या बंधपत्रातून निर्माण होणे संभवत नाही.

येथे भाषेचाही संबंध येतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. दंशाची खूण अनेकदा दिसत नाही. पहाटे रोगी ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगतो. पुढे पापण्या जड होतात आणि मग श्वास अडतो. ही पोटदुखी नेहमीची नव्हे, हे ओळखण्यास पाठ्यपुस्तकाबरोबरच तो माणूस कोठे निजतो, कोणत्या शब्दांत दुखणे सांगतो याची माहिती लागते. मराठीबरोबर तांड्यावरील बंजारा बोली आणि दखनी उर्दू कानांवर पडणाऱ्या या प्रदेशात ती माहिती सहवासानेच येते. मांत्रिकाकडे निघालेली बैलगाडी दवाखान्याकडे वळविण्यास आदेश पुरत नाही. ओळखीच्या माणसाचा शब्द लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या विषयावर केलेल्या शिफारशी चार प्रकारच्या होत्या : शिक्षण, नियमन, आर्थिक साहाय्य, आणि व्यावसायिक व वैयक्तिक आधार. शिक्षणविषयक शिफारशींत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यास महत्त्वाचे स्थान होते. आपल्याकडील धोरणाचा भर दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांवर राहिला. राहण्याजोगे घर, मुलांची शाळा, सल्ल्यासाठी सहकारी, आणि खेडे न सोडताही विद्येत व पदात पुढे जाण्याची वाट, या गोष्टी पहिल्या व चौथ्या प्रकारांशी निगडित आहेत. दंडाने डॉक्टर येईल, गुणांनी आणखी काही काळ थांबेल. राहील तो याच कारणांनी. पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या रोग्याचा जीव या फरकावर अवलंबून असतो.