अर्धं गोठलेलं ॲल्युमिनियम म्हणजे वाया गेलेला माल?

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींची ओळख स्टीलच्या भांड्यांची. तिथल्या गाळ्यांत पत्र्याला दाब, घडण, पॉलिश सगळं चालतं. ओतकामाचा विषय निघाला की मात्र ठरलेलं वाक्य येतं: धातू पाण्यासारखा पातळ हवा, जरा गार झाला की माल भंगारात.

साध्या ओतकामात ते खरंच आहे. धातू न ढवळता गोठू लागला की त्याचे स्फटिक झाडाच्या फांद्यांसारखे वाढतात, एकमेकांत गुंततात आणि वाट अडवतात. गोठता गोठता ढवळत राहिलं तर फांद्यांऐवजी गोळे बनतात. थंडीतलं रवाळ तूप आठवा. दाणे असतात, तरी चमचा फिरवला की सरकतं. अमेरिकेतल्या एमआयटीत स्पेन्सर, मेहराबियन आणि फ्लेमिंग्ज यांना कथिल-शिसं मिश्रणात हे दिसलं आणि 1972 मध्ये त्यांनी ते मांडलं. 7 टक्के सिलिकॉन असलेलं ॲल्युमिनियम सुमारे 615 अंश सेल्सिअसला गोठू लागतं. 580च्या आसपास ते जवळजवळ अर्धं घट्ट असतं. ठेवलं तर आकार धरून उभं राहतं, सुरीने कापता येतं आणि दाब दिला की वाहतं.

‘डाय कास्टिंग म्हणजे पोटात हवा असणारच’ हाही असाच समज. दाबाने ढकललेला पातळ धातू साच्यात उसळत शिरतो आणि हवा कोंडतो. पुढे उष्णतासंस्कार करताना पृष्ठभागावर फोड येतात. दाट लगदा शांतपणे पुढे सरकतो. शिवाय निम्मा आधीच गोठलेला असल्याने आक्रसतोही कमी.

आता धातू घर्षणाला टिकावा म्हणून त्यात मिसळतात ते सिलिकॉन कार्बाइडचे कण. ‘चहात साखर, तशी पूड टाकायची’ असं वाटतं. पण कण विरघळत नाहीत आणि वितळलेलं ॲल्युमिनियम त्यांना सहज भिजवत नाही. पातळ धातूपेक्षा जड असल्याने ते तळाशीही बसतात. लगद्यात मात्र गोळ्यांच्या गर्दीत अडकून राहतात. तापमानही कमी, म्हणून कणांवर ठिसूळ ॲल्युमिनियम कार्बाइड बनण्याचा धोका घटतो. तरी मिसळणं सोपं नाही, गुठळ्या होतातच, आणि एकेक गुठळी म्हणजे तड्याचं आयतं ठिकाण.

‘कण घातले की सगळंच मजबूत’ हेही अर्धंच. घर्षणाला टिकणं आणि ताठरपणा वाढतो, म्हणून लोटस एलिस या गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलांना अशा धातूच्या ब्रेक डिस्क होत्या. पण ताण सोसून लांबण्याची क्षमता घटते. आणि अशा धातूला भोक पाडायला गेलात, तर साधं ड्रिल बघता बघता बोथट होतं. हिऱ्याच्या धारेची हत्यारं लागतात. खर्चाचा अंदाज काढताना नेमकं हेच राहून जातं.