मताची पोंच

महत्त्वाचें पत्र रजिस्टर करून पाठवावें आणि पोंचपावती परत येईपर्यंत जीव टांगणीस लागावा, हा मराठी घरांचा जुना अनुभव आहे. पावती आली म्हणजे पत्र पोंचलें एवढें कळे; तें फोडून वाचलें गेलें कीं नाहीं, हें ती पावती कधींच सांगत नसे. अमेरिकेंत जो मतदार आपलें मत टपालानें पाठवितो, त्याची अडचण नेमकी हीच आहे. मतदानकेंद्रावर जाणारा मनुष्य मतपत्रिका स्वतःच्या हातानें देऊन निर्धास्तपणें घरीं परततो. टपालाच्या मतदारास तें समाधान नाहीं.

आणि असे मतदार थोडेथोडके नाहींत. ऑरेगन राज्याच्या मतदारांनीं १९९८ सालीं टपाली मतदानाच्या बाजूनें कौल दिला व २००० सालची अध्यक्षीय निवडणूक तेथें याच पद्धतीनें झाली. २०२० सालीं, महामारीच्या वर्षीं, सबंध देशांतील मतदारांपैकीं ४० टक्क्यांहून अधिक लोकांनीं टपाली मतपत्रिका वापरली. कॅलिफोर्नियांत तर नोंदलेल्या मतदारांच्या घरीं मतपत्रिका आपण होऊनच येते. तेथें नागरिकत्व घेऊन राहिलेलीं मराठी कुटुंबेंही त्यांत आलींच.

भरलेला लखोटा निवडणूक कचेरींत पोंचला कीं पुष्कळ राज्यांत प्रथम त्याच्यावरील सही पाहतात आणि दप्तरीं असलेल्या सहीशीं ती ताडून घेतात. जुळली तर लखोटा स्वीकारला जातो. न जुळली तर बाजूस पडतो. २०२० सालीं परत आलेल्या टपाली मतपत्रिकांपैकीं सुमारें ०.८ टक्के नाकारल्या गेल्या. टक्केवारी किरकोळ दिसते, पण ती संख्या साडेपांच लाखांच्या वर जाते; आणि नाकारण्याचें सर्वांत मोठें कारण होतें सही न जुळणें. सही जुळत नाहीं म्हणून ज्यांचा चेक बँकेंतून परत आला असेल, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. वीस वर्षांपूर्वीं केलेली सही मनुष्यास स्वतःस तरी हुबेहूब कोठें साधते?

या बाबतींत कायद्याची चाल मोठी विचित्र आहे. मतदानकेंद्रावर ज्याच्या पात्रतेविषयीं शंका निघते, त्यास तात्पुरती मतपत्रिका देतात. आपलें मत मोजलें गेलें कीं नाहीं, आणि नसल्यास कां नाहीं, हें विनामूल्य जाणण्याचा हक्क अशा मतदारास २००२ च्या संघीय कायद्यानें दिला. २००९ च्या कायद्यानें सैनिकांची व परदेशस्थ नागरिकांची सोय केली. पण ती मतपत्रिका ‘पोंचली’ कीं नाहीं, एवढ्यापुरतीच. घरबसल्या टपालानें मत देणाऱ्या सामान्य गृहस्थाचा प्रश्न राज्याराज्यांवर सोडलेला राहिला.

डेन्व्हर शहरानें मात्र २००९ सालींच एक सोपी युक्ति योजिली. लखोट्यावर रेघांची सांकेतिक खूण छापावयाची आणि तो कचेरींतून निघाला, परत आला, स्वीकारला गेला, अशी प्रत्येक टप्प्याची वर्दी मतदारास धाडावयाची. पुढें ही पद्धत कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांनीं उचलली. तिचें खरें मोल वर्दींत नसून वेळेंत आहे. निकाल लागून गेल्यावर ‘तुमची सही जुळली नव्हती’ असें कळून काय उपयोग? कोलोरॅडोंत सहीची उणीव दूर करण्यास निवडणुकीनंतर आठ दिवस मिळतात. त्या मुदतींत बातमी हातीं आली तरच मत वांचतें.

कोणी विचारील, असा माग ठेवल्यावर मताची गुप्तता कशी टिकावी? तर खूण असते ती लखोट्यावर. सही पटली कीं लखोटा फोडून आंतील मतपत्रिका वेगळी काढतात, आणि ती इतर मतपत्रिकांच्या गठ्ठ्यांत मिसळली म्हणजे कोणती कोणाची हें कचेरीसही सांगतां येत नाहीं. म्हणूनच ‘आपलें मत मोजलें’ हा शब्द जपून वाचावा लागतो. लखोटा स्वीकारून मतपत्रिका मोजणीकडे गेली, एवढाच त्याचा अर्थ. यंत्रानें ती बरोबर वाचली कीं नाहीं, हें त्या वर्दीवरून कळत नाहीं. तें कळावयाचें तर गुप्ततेवरच पाणी सोडावें लागेल.

ती उणीव दुसऱ्या वाटेनें भरून काढावी लागते. कोलोरॅडोनें २०१७ सालीं राज्यभर मोजणीची तपासणी सुरू केली. दहा पैलूंचे फांसे लोकांसमक्ष टाकून वीस आंकड्यांची एक संख्या ठरवितात. तिच्या आधारें कोणत्या मतपत्रिका काढावयाच्या हें निश्चित होतें, आणि माणसें त्या कागदावर वाचून यंत्राच्या नोंदीशीं ताडून पाहतात. त्यांत आपला कागद निघाला होता कीं नाहीं, हें मतदारास कधींच कळत नाहीं.